रोस्को हेअरस्टनचं तपकिरी ब्लँकेट

व्हर्डेल पेटिफोर्डबाईंचा राग कधी शिळा होत नसे. कोपऱ्यावरच्या खाटकानं एकदा त्यांना वास मारणारं मांस दिलं, तर पुढची एकोणीस वर्षं त्या दोन बसेस बदलून दुसरीकडून मांस आणत आणि परत येताना पिशवी घेऊन मुद्दाम त्याच्याच दुकानावरून चालत. मी हे कौतुकानं सांगतेय. आमच्या चर्चमध्ये दर रविवारी क्षमेवर प्रवचन होतं. बाई पहिल्या बाकावर बसून ते ऐकत आणि पर्समधली पेपरमिंटची गोळी चघळत.

शिकागोच्या दक्षिण टोकाला, रेल्वेच्या डब्यांच्या जुन्या कारखान्याजवळ आमचं म्युझियम आहे. दोन मजल्यांचं विटांचं घर. रात्रीच्या गाड्यांत झोपायचे डबे असत. त्यांत बिछाने घालणारे, बूट पॉलिश करणारे पोर्टर सगळे आपले काळे लोक. त्यांनी बारा वर्षं कंपनीशी झुंजून युनियन उभी केली, त्याचं हे म्युझियम. वरच्या मजल्यावर टोप्या, ब्रश, फोटो. खाली दर गुरुवारी म्हाताऱ्यांना गरम जेवण, रोज संध्याकाळी पोरांचा अभ्यास आणि थंडी पडली की कोटांचं वाटप. गुरुवारचा स्वयंपाक माझा. किल्ल्या बाईंच्या. एकतीस वर्षं पोस्टात नोकरी करून निवृत्त झाल्यावर त्यांनी म्युझियमला स्वतःला वाहून घेतलं होतं.

तिथे त्यांचा एकच कडक नियम होता. गाडीतले गोरे प्रवासी प्रत्येक पोर्टरला ‘जॉर्ज’ म्हणायचे, नाव काहीही असो. मालकाचं नाव जॉर्ज, म्हणून त्याची माणसंही जॉर्ज. त्यामुळे म्युझियममध्ये प्रत्येक फोटोखाली माणसाचं पूर्ण नाव हवं, मधल्या नावासकट. नाव सापडेना तर बाई महिनोन्महिने चर्च आणि स्मशानांच्या कचेऱ्या फोन करकरून हैराण करत.

त्यांचे वडील लिअँडर पेटिफोर्ड पोर्टर होते. १९२७ साली युनियनचं नाव काढलं तरी नोकरी जायची, म्हणून सभा लपून भरत. पुढच्या खोलीत बायकांचं चहापान आणि मागे स्वयंपाकघरात नवरे. पेटिफोर्डांकडे अशी सभा भरली तेव्हा आठ वर्षांची व्हर्डेल पायरीवर बसून रस्त्यावर नजर ठेवून होती. आत नऊ जण होते. आठवड्याच्या आत त्यांतल्या तिघांना कंपनीनं काढलं. लिअँडर त्यांतलेच एक. रस्त्यावरून कोणीच आलं नव्हतं. म्हणजे फितूर आतच बसला होता, व्हर्डेलच्या आईच्या हातची रताळ्याची गोड पेस्ट्री खात.

तो कोण हे लिअँडरना ठाऊक होतं, आणि कसं ठाऊक होतं ते पोर्टरांच्या घरातल्या माणसालाच कळेल. प्रवाशांची ब्लँकेटं तपकिरी आणि पोर्टरांची निळी. काळ्या माणसानं अंगावर घेतलेलं चुकूनही गोऱ्याच्या अंगावर जाऊ नये, म्हणून हा रंग. तपकिरी पांघरलेला पोर्टर सापडला तर पुढच्याच स्टेशनवर उतरवून घरी. सभेच्या आधीच्या महिन्यात डेन्व्हरच्या गाडीत लिअँडरनी त्या नऊ जणांतल्या रोस्को हेअरस्टनला धूम्रपानाच्या खोलीतल्या कोचावर तपकिरी पांघरून घोरताना पाहिलं. तेवढ्यात तपासनीस आला. त्यानं बघितलं आणि तो तसाच पुढे गेला. लिअँडर हे कोणाला बोलले नाहीत. बोभाटा झाला तर बिचाऱ्याची नोकरी जाईल, असं त्यांना वाटलं. तिघांना काढल्यावर मात्र त्यांना कळलं, तपासनिसानं सोडलेला तो माणूस कंपनीचाच होता. पुढे कोळशाची पोती वाहून वाहून एक्कावन्नाव्या वर्षी ते गेले, आणि शेवटपर्यंत एवढंच म्हणत राहिले, “मी तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं, व्हर्डी.”

रोस्कोची नोकरी टिकली. दहा वर्षांनी युनियन जिंकली तेव्हा त्यानंही कोटाला बिल्ला लावला. त्याच्या अंत्ययात्रेला चाळीस गाड्या होत्या. कुजबुज होती, पण पुरावा नव्हता. बाईंनी मात्र ते नाव दातांखाली धरून ठेवलं होतं.

शहाण्णव सालच्या ऑक्टोबरमध्ये म्युझियमचं छप्पर इतकं गळायला लागलं की गुरुवारी मी टेबलांच्या मधे बादल्या ठेवून वाढत होते. पालिकेनं सांगितलं, थंडीच्या आत दुरुस्ती करा, नाहीतर कुलूप. अशा वेळी चकचकीत गाडीतून लॉइड हेअरस्टन उतरला. रोस्कोचा नातू, उपनगरात मोठा झालेला, छपरांचाच मोठा कंत्राटदार. त्यानं वर मान करून बादल्यांच्या जागा बघितल्या आणि म्हणाला, अख्खं छप्पर नवं घालून देतो. बदल्यात त्याच्या आजोबांचा फोटो ‘पहिल्या नऊ जणां’च्या भिंतीवर हवा. आजोबांची ट्रंकही त्यानं आणली होती.

ट्रंक बाईंनीच उघडली. मी शेजारी उभी होते. टोपी, शिट्टी, बिल्ला, आणि तळाशी कागदात गुंडाळलेलं तपकिरी ब्लँकेट, घडीसुद्धा न मोडलेलं. त्याला टाचणीनं लावलेलं कंपनीच्या अधिकाऱ्याचं कार्ड होतं. ‘रोस्को हेअरस्टन यांस, निष्ठापूर्ण सेवेबद्दल.’ खाली तारीख. लिअँडरना काढलं त्यानंतरचा नववा दिवस.

“आजोबांना कंपनीनं बक्षीस दिलं होतं,” लॉइड अभिमानानं म्हणाला. “असं कोणाला मिळायचं नाही म्हणतात.”

“नाही, बाळा,” बाई म्हणाल्या. “कोणालाच मिळायचं नाही.”

मला वाटलं, आता ट्रंक रस्त्यावर जाणार. पण त्यांनी ब्लँकेटची घडी नीट केली, लॉइडला कॉफी विचारली आणि त्याची अट मान्य केली.

तो गेल्यावर मी तोंडाला येईल ते बोलले. एका छपरापायी तुम्ही बाप विकला म्हणाले. माझा आवाज चढला, त्यांचा चढला नाही.

“अर्नेस्टीन, तुझी म्हातारी माणसं गुरुवारी कुठे जेवणार? पावसात?”

“उपाशी राहतील, पण त्या माणसाच्या छपराखाली नको.”

“हे तू भरल्या पोटी बोलतेस,” त्या म्हणाल्या आणि किल्ल्या घेऊन वर गेल्या. तीन आठवडे मी त्यांच्याशी धड बोलले नाही. गुरुवारी त्यांच्या ताटातला कॉर्नब्रेडचा तुकडाही मी मुद्दाम लहानच कापला.

लॉइडलाही भरवसा नव्हता. छप्पर घेतील आणि वर्षभरात आजोबांना माळ्यावर टाकतील, ही त्याची भीती. त्यानं वकिलाकडून कागद करून आणला. हे छप्पर असेपर्यंत रोस्कोचा फोटो, ब्लँकेट आणि कार्ड भिंतीवरून हलवायचं नाही, हलवलं तर छपराची भरपाई. बाईंनी तो त्याच्याकडून दोनदा मोठ्यानं वाचून घेतला. मग म्हणाल्या, खालचा मजकूर मी लिहीन आणि खरं तेच लिहीन. लॉइड हसला. म्हणाला, मला दुसरं काय हवंय? तेवढी ओळही त्यानं कागदात घातली आणि दोघांनी सह्या केल्या.

फेब्रुवारीत नव्या छपराखाली कार्यक्रम झाला. खुर्च्या कमी पडल्या. लॉइड बायको-मुलींना घेऊन आला होता, अंगात नवा सूट. पुढच्या रांगेत थॅडियस गँट बसले होते, वय ब्याण्णव, चौतीस वर्षं पोर्टर. आमच्यातले ते शेवटचेच. लॉइडनं आजोबांवर छान भाषण केलं आणि स्वतःच्या हातानं पडदा ओढला.

भिंतीवर रोस्कोचा फोटो होता. त्याखाली काचेच्या पेटीत गाडीतल्यासारखे दोन बिछाने घातले होते. एकावर लिअँडर पेटिफोर्डचं निळं ब्लँकेट, विटलेलं, कोपऱ्यात व्हर्डेलच्या आईनं रफू केलेलं. दुसऱ्यावर ते करकरीत तपकिरी, कार्डासकट. शेजारी कामावरून काढल्याचं लिअँडरचं पत्र. मजकूर अगदी थोडका होता. रोस्को ॲल्विन हेअरस्टन, पोर्टर. सभेची तारीख, तिघांना काढल्याची तारीख, बक्षिसाची तारीख. बास.

लॉइडनं टाळी वाजवली. एकट्यानंच.

पोर्टरांच्या पोरींना, सुनांना, नातवंडांना काही समजावून सांगायला लागलं नाही. तपकिरी ब्लँकेटकडे बघून मागची एक बाई एवढंच म्हणाली, “अगं बाई.” थॅडियस गँट काठी टेकत उठले, पेटीपाशी गेले आणि कार्डावरची तारीख बराच वेळ वाचत राहिले. त्या नऊ जणांतला काढलेला दुसरा माणूस त्यांचा थोरला भाऊ होता. त्यांनी आत असूनही डोक्यावर हॅट चढवली, लॉइडच्या समोरून त्याच्याकडे न बघता चालत गेले आणि जिना उतरले. मग दुसरे उठले. मग सगळी रांग.

“काय झालं? काय केलंत तुम्ही?” लॉइड विचारत होता.

बाईंनी त्याला निळं आणि तपकिरी सांगितलं. सावकाश, शाळेत मुलांना सांगावं तसं. त्याची बायको मुलींना घेऊन मधूनच बाहेर गेली.

“काढा ते,” तो म्हणाला. “आत्ताच्या आत्ता.”

“छप्पर असेपर्यंत नाही. तुझाच कागद आहे.”

“मिस व्हर्डेल, तो माझा आजोबा होता. मी लहान असताना मला खांद्यावर घ्यायचा.”

“माझा बापसुद्धा घ्यायचा,” बाई म्हणाल्या. “कोळसा उचलायला लागेपर्यंत.”

मला त्याची दया आली असं म्हणायला हवं, पण नाही आली. खाली रताळ्याची पेस्ट्री कापून ठेवली होती. मी गेले आणि बाईंना सगळ्यात मोठा तुकडा वाढला. त्यांनी तो पूर्ण संपवला.

त्यानंतर त्या सात वर्षं जगल्या. दर सोमवारी ती काच स्वतः पुसत. शाळेची मुलं आली की त्यांना पेटीसमोर उभं करत आणि मजकूर मोठ्यानं वाचायला लावत. एकदा एका मुलीनं वाचलं, “रोस्को हेअरस्टन.” बाईंनी काठी आपटली.

“पूर्ण वाच, पोरी. गाडीत हा जॉर्ज म्हणून सुटला. इथे नाही सुटायचा.”

मुलगी परत वाचू लागली, या वेळी मधल्या नावासकट.