रुक्मिणीचा हातगुण आणि सुदेशचे शॉकअप

धामापूरच्या रुक्मिणीची जीभ तिखट, पण कलम बांधताना हात फुलासारखा हलका. रोपाच्या खुंटाला चीर द्यायची, चांगल्या झाडाची काडी पाचरीसारखी तासून आत बसवायची, पट्टी आवळायची. दिवसाला दोनशे काजूची कलमं ती भांडता भांडता बांधी.

दोन वर्षं मात्र तिची कलमं गिऱ्हाइकाकडे पोचली की मरायला लागली. सासू अक्का ओटीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "हातगुणच बरो नाय तिचो. आमी काय करतलंव?" आणि पिकअपमधून कलमं पोचवणारा धाकटा दीर सुदेश बाजूला बसून मान डोलावी. यंदा कलमं बांधायला दुसरा माणूस आणायचा, असं मायलेकांनी परस्पर ठरवलंही होतं; ते रुक्मिणीच्या कानावर आलं होतं. नवरा विश्वेश गोव्याला नोकरीला. त्याला कोण विचारतो!

एक दिवस तोंडवलीचा बागायतदार आला आणि पिशवीतच माना टाकलेली चाळीस झाडं अंगणात आपटून गेला. रुक्मिणी रडली नाही. तिने कोयता घेऊन एकेक पिशवी फाडली. सांधा नखाने खरवडला तर आत हिरवागार, पक्का जुळलेला. पण मुळांना धरून ठेवणारी मातीची हुंडी दणक्यांनी फुटून पीठ झालेली, मुळं सुटी.

ती तशीच उठली. उभ्या पिकअपचा मागचा कोपरा अंगाचा भार टाकून दाबला आणि सोडला. एकदा हलून थांबायची ती गाडी चार वेळा वरखाली झाली. वाकून बघते तर चाकाचे दणके झेलणाऱ्या शॉकअपवरून तेल ओघळून त्यावर धुळीचा थर बसलेला.

"ह्यां कधीपासून?"

"दाजी मेस्त्रीन गेल्या वर्साक सांगल्यान, बदल म्हणान," सुदेश म्हणाला. "माका वेळ खंय गावता?"

"वेळ नाय तुका, आणि गुण नाय माझ्या हाताक!"

दुसऱ्या दिवशी सुदेश शॉकअप बदलायला निघाला, तर ती न विचारता गाडीत जाऊन बसली. गाडी कुडाळला पार्टच्या दुकानासमोर थांबली. दुकानात सुदेशने जाडजूड, कडक शॉकअप काढायला लावले. उन्हाळ्यात त्याला बांधकामाचे जांभ्याचे चिरे वाहायचे होते. दुकानदार बोलत होता तोही फक्त त्याच्याशीच.

"दादा, हकडे बघा," रुक्मिणी म्हणाली. "कलमांक वजन कितक्या? हलक्या लोडाक हे कडक घातले तर खड्ड्याचो दणको सरळ मुळात. गाडयेबरोबर इलेले तसले साधे द्या."

"वयनी, गाडयेतला तुका काय कळता?"

"गाडयेतला नाय. मुळातला कळता. चिरे व्हावचे तर दुसरी गाडी बघ."

दुकानदाराने नाइलाजाने कबूल केलं, की ती म्हणते ते खरं आहे. साधे शॉकअप बसले.

त्यानंतर कुणकेश्वरला तीनशे कलमं गेली. महिना उलटला, एकही मेलं नाही. तिथला बागायतदार आणखी शंभर मागायला स्वतः आला, तेव्हा अक्काने ओटीवरूनच सुरू केलं, "सुदेशान गाडी बरी केली म्हणान झाडां जगली. माझ्या झिलाचोच हातगुण!" सुदेश लाजल्यासारखा हसला.

मांडवात कलमं बांधत बसलेल्या रुक्मिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती खुंट आणि काड्या घेऊन ओटीवर आली आणि सुरी त्याच्या हातात कोंबली.

"हातगुण तुझो ना? मगे बांध. ह्यांका शंभर व्हयी आसत."

बागायतदार बघत होता. सुदेशने चीर दिली, तर खुंट बुडापर्यंत फाटत गेला. दुसराही फाटला. तिसरा त्याने उचललाच नाही. सुरी पायरीवर ठेवून तो गाडी धुवायला निघून गेला.

रुक्मिणीने सुरी पदराला पुसली.

"अक्का, कलमां बांधूक दुसरो माणूस आणतलात मा?" तिने विचारलं. "खंय आसा तो?"