पालथा गडवा

भाच्याचा फोन आला तेव्हा मी लोहाऱ्यात होतो. "मामा, आई गेली," एवढंच तो म्हणाला... मागे कुणीतरी रडत होतं. वणीवरून पुढे नदीकाठच्या त्या गावात पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. अक्काला अंगणात ठेवलं होतं. ओट्यावर, नेहमीच्या जागी, तिचा पाण्याचा पितळी गडवा पालथा होता. त्याला कुणी हात लावला नव्हता.

पार्वता माझी थोरली बहीण. लग्न होऊन इथे आली तेव्हापासून ती पूर पाहत होती. नदी भरली की पाणी नाल्यातून वर चढायचं, मारुतीच्या पायरीपर्यंत यायचं आणि परत जायचं. लोक धान्य माळ्यावर टाकायचे, पाणी ओसरलं की घरं सारवायचे. पुढे नाल्याकाठी कोळशाची खाण आली. खाणीतली माती नाल्यालगत पडू लागली आणि काही वर्षांत तिथे देवळाच्या कळसाहून उंच डोंगर झाला. नाला निम्मा बुजला. गावाने तक्रार केली. ढिगारा मंजूर जागेतच आहे, असं उत्तर आलं.

मग एका पावसाळ्यात, भरदिवसा, पाणी त्या ढिगाऱ्याला धडकून उलटं फिरलं आणि पायरी ओलांडून गावात शिरलं. भाऊजी, नामदेवराव, गोठ्याकडे धावले. दाव्यांच्या गाठी भिजून आवळल्या होत्या. त्यांनी त्या सोडवल्या. बैल पोहत वर आले... भाऊजी आले नाहीत. पूर ओसरल्यावर ते ढिगाऱ्याच्या पायथ्याशी, बाभळीत अडकलेले सापडले.

पंचनाम्याला एक अभियंता साहेब आले. ढिगाऱ्याच्या जागेला मंजुरी त्यांनीच दिली होती. दारी आलेल्याला आधी पाणी, ही आमच्याकडची रीत. घरात मयत झालेलं असूनही अक्काने गडवा भरून आणला. साहेब अर्धा प्यायले आणि म्हणाले, "बाई, निसर्गापुढे कुणाचं चालतं?" अक्काने गडवा त्यांच्या हातून परत घेतला, उरलेलं पाणी त्यांच्या बुटांपुढे ओतलं आणि गडवा ओट्यावर पालथा घातला.

"घरात शिरलं ते पानी कोनाचं होतं, ते आधी सांगा. मंग पानी पेजा."

साहेब जीपमध्ये जाऊन बसले.

पुढे सरकारने बरंच केलं, ते नोंदवायला हवं. पुराची सूचना देणारा भोंगा बसला, गावाला एक नाव मिळाली, उंचावर प्लॉट पडले. भिंतींवर पुराच्या पातळीची लाल रेघ मारायला एक रंगारी आला, तर अक्का त्याला म्हणाली, "माह्या भिंतीले कायले रंगवतं रे? त्या ढिगाऱ्यावर मार ना रेघ, तो शिरला पान्यात!" गावानेही आपल्या परीने शहाणपण शिकून घेतलं. पावसाळ्यात आता तिथे कुणी जनावराला पक्की गाठ मारत नाही. एका हिसक्यात सुटणारी गाठ मारतात. तिला नामदेवगाठ म्हणतात.

पण पाणी मात्र त्या ओट्यावर पुन्हा कुठल्याच साहेबाला मिळालं नाही. हळूहळू सगळ्या गावाने ते उचललं. पाहणीला येणारे खात्याचे आणि खाणीचे लोक आपापल्या बाटल्या घेऊन येऊ लागले. एका उन्हाळ्यात नवखा अधिकारी आला. घसा कोरडा पडला तसा तो अक्काला म्हणाला, "मावशी, पाणी तरी विचारा."

"तुमचं पानी एकदा घरात येऊन गेलं, साहेब. अजून किती बलावू?"

पारावरची माणसं हसली. तो अधिकारी पुढे कधी आला नाही.

सगळं गाव वर गेलं, अक्का खालीच राहिली. भाचा आणि त्याची बायको तिच्यासोबत राहिले. तिच्या ओट्यावरून ढिगारा समोर दिसतो, म्हणून ती राहिली. मी एकदा म्हणालो, अक्का, सोड आता. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दावं सोडता सोडता मानूस गेला माहा, बापू. आता मी काही सोडत नाही."

तेरवीला ते अभियंता साहेब आले. आता निवृत्त आहेत. काठी घेऊन चालतात. "बाई मोठी खमकी होती," असं म्हणत ओट्यावर टेकले. ऊन कडक होतं, त्यांना धाप लागली होती. भाचसून सवयीने माठाकडे वळली. तिने गडवा उचलला, सरळ केला... आणि थांबून माझ्याकडे पाहिलं.

मी साहेबांना विचारलं, "त्या दिवशी घरात शिरलं ते पाणी कोणाचं होतं?"

त्यांनी ढिगाऱ्याकडे पाहिलं. त्यावर आता खाणीने झाडं लावली आहेत. मग म्हणाले, "आता बाईच राहिल्या नाहीत. जाऊ द्या ना."

सुनेने गडवा पालथा घातला. साहेब उठले, काठी टेकत गाडीपर्यंत गेले, ड्रायव्हरने त्यांना बाटली दिली. मला ते पाहून बरं वाटलं. मृत्युलेखात असं लिहू नये, हे मला ठाऊक आहे.

निघताना मी सुनेला म्हणालो, गडवा तुला कामाला येत असेल तर वापर. ती चिंचेने तो घासत होती. पुसून तिने तो ओट्यावर तसाच, तोंड खाली करून ठेवला.

"कामालेच लावून राह्यली ना, मामाजी," ती म्हणाली.