बारा जोडी पाय

फादर रोहिदास यांना ‘सर्वांना सामावून घेण्याचं’ काम मिळालं ते त्यांच्या जन्मामुळे. कळंबमागच्या डोंगरातल्या ठाकरवाडीचा पोरगा. आई लवकर गेली, आवडीमावशीने मोळ्या विकून वाढवला, आणि मिशनच्या वसतिगृहातून तो थेट धर्मगुरू झाला. बिशपांचं पत्र आलं, की चर्चमध्ये सगळ्या थरांतली माणसं दिसली पाहिजेत. असा आयता माणूस हाताशी असताना दुसरा शोधायचा कशाला? वाडीखालच्या चर्चमध्ये त्यांना नेमलं.

इथली कमिटी मोठी पुढारलेली. शनिवार-रविवारच्या बंगल्यांतली सहा माणसं आणि वर अध्यक्ष डिमेलो, सगळ्यांचे ‘नवीन अंकल’. त्यांनी पंधरा दिवसांत सर्वसमावेशकता आणून दाखवली. दारावर बॅनर लागला, आणि सगळ्यात मागच्या दोन बाकांवर पाटी लागली, ‘आदिवासी बांधवांसाठी’. याहून जास्त कोणी कोणाला सामावून घ्यावं! तरी आवडीमावशी दर रविवारी बाहेर पायरीवरच बसायची. पूर्वी कधीतरी तिला कोणी म्हणालं होतं, मोळी बाहेर ठेवा. तेव्हापासून तीही मोळीबरोबर बाहेरच राहिली.

फादरांना एवढंच हवं होतं, की मावशीने एकदा तरी आत, पुढे बसावं. वेदीवर मिस्सेची प्रार्थना म्हणताना त्यांना उघड्या दारातून तिची पाठ दिसायची आणि जीव तुटायचा.

पवित्र गुरुवार दीड महिन्यावर आला. येशूने शिष्यांचे पाय धुतले म्हणून त्या दिवशी धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतो. दरवर्षी बाराही जण बंगलेवाले, पाय आधीच पावडर लावून गुळगुळीत. यंदा फादरांनी वाडीतल्या सहा बायका घ्यायच्या ठरवल्या, त्यांत मावशीही.

“घ्या की, फादर,” नवीन अंकल म्हणाले. “फोटोपण छान येईल.”

मावशीने हो-नाही करत महिनाभराने होकार दिला.

त्या गुरुवारी मिस्सेला पाच मिनिटं होती. फादर झगा घालून मागच्या दाराने आले, तर सहाही बायका नळावर रांगेत. नवीन अंकल जातीने उभे राहून त्यांच्याकडून साबण-घासणीने टाचा घासून घेत होते.

“म्हटलं, तुमचे हात खराब नकोत, फादर.”

मावशी भेगा घासता घासता थांबली. तिने वर बघितलं. फादरांच्या ओठांवर शब्द आला होता, पण घंटा झाली, गाणं सुरू झालं, आणि बिशपांचे पाहुणे पुढच्या बाकावर बसलेले. सर्वांना सामावून घेणाऱ्याला वेळ पाळावी लागते. फादर मुकाट आत गेले.

परात घेऊन ते गुडघ्यांवर बसले. मावशीची पाळी आली तसा तिने पाय लुगड्यात ओढून घेतला.

“आत्ताच धुतलं ना रं. तू बघितलंस. आजून किती धुवायचं? येवढी घान हाय का आमची?”

मावशी उठली, बाकांमधून चालत गेली आणि पायरीवर जाऊन बसली. फादरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. हातात तांब्या तसाच, ते तिच्यामागे धावले आणि पायरीवर तिच्याशेजारी टेकले.

“मावशी, चुकलो गं. आत चल.”

तिने त्यांच्या झग्याची भिजलेली कड हातात घेतली आणि पिळून दिली, लहानपणी चड्डी पिळायची तशी.

“जा रं बाबा,” ती म्हणाली. “तुझी मानसं खोळंबलीत.”

फादरांनी मागे पाहिलं. दारात नवीन अंकल घड्याळावर बोट ठेवून उभे होते. फादर उठले आणि आत गेले.