सुईची दोन टोपणं

बाबांचं घोरणं थांबलं आणि मला जाग आली. घोडपदेवच्या खोलीत आम्ही दोघंच. ते खाटेवर, मी खाली. मिल बंद पडल्यावर वॉचमनकी करून त्यांनी मला शिकवलं. इन्सुलिन सुरू झाल्यापासून रोज रात्री जेवणाआधी इंजेक्शनचं पेन पोटाला लावताना त्यांनी कधी माझी मदत घेतली नव्हती. "माझं मी बघतो," एवढंच म्हणायचे.

अडीच वाजले होते. हाक मारली, उत्तर नाही. कपाळाला हात लावला तर गार आणि घामानं थबथबलेलं. बनियन, उशी, सगळं ओलं. दिवा लावला. डोळे उघडे होते, पण माझ्याकडे बघत नव्हते.

बोट टोचून शुगरच्या मशीनवर थेंब घेतला. बेचाळीस. सत्तरच्या वर हवी.

ग्लुकोज पाण्यात कालवलं, त्यांना कसंबसं बसवलं. चमचा ओठांशी नेला तर त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"कोण गो तू? काय पाजतंस माका?"

बाबा माझ्याशी कधी मालवणीत बोलत नसत. आजी होती तेव्हा तिच्याशी तेवढे बोलायचे.

"बाबा, मी आहे. गिळा हे."

"माज्या घरात खयसून इलंस?"

घोट घोट करत अर्धा ग्लास पोटात गेला. पंधरा मिनिटांनी मशीन एकाहत्तर दाखवत होतं. त्यांनी मला ओळखलं, ओशाळले, "झोप तू," म्हणाले. मी दोन बिस्किटं खायला लावली आणि भिंतीला टेकून बसले. झोप काही येईना. पाऊण तासानं पुन्हा बोट टोचलं.

एकावन्न.

रात्री ते नेहमीएवढंच जेवले होते, आमटी-भात. मग शुगर पुन्हा का उतरत होती?

"बाबा, आज इंजेक्शन किती वेळा घेतलंत?"

"एकदाच. रोजच्यासारखं."

दर वेळी नवी सुई लावायची, तिचं आतलं टोपण बादलीत टाकायचं, ही त्यांची शिस्त. मी मोरीजवळची कचऱ्याची बादली जमिनीवर उलटी केली. संध्याकाळीच ती रिकामी करून आणली होती. कांद्याच्या सालींत सुईची टोपणं सापडली. दोन.

उरलेलं ग्लुकोज पाजत पाजतच त्यांना टॅक्सीत घातलं. परळच्या हॉस्पिटलात सलाईन लागलं. "डबल डोस झालाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अजून काही तास शुगर खाली येत राहील. घरी नेऊ नका."

"मी दुसरं घेतलंच नाही," बाबा म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं, आणि मला भीती वाटली ती त्याची. शुगर काय, सकाळपर्यंत जागेवर आली.

तेव्हापासून पेन माझ्या कपाटात असतं, किल्ली माझ्याकडे. इंजेक्शन मी देते आणि लगेच वहीत लिहिते. पहिला आठवडा ते माझ्याशी धड बोलले नाहीत. मग सवय झाली, असं मला वाटलं.

परवा इंजेक्शन दिलं आणि भात वाढायला वळले. मागून आवाज आला, "इंजेक्शन राहिलंय गो."

"आत्ताच दिलं ना, बाबा."

"कधी?"

मी वही पुढे धरली. त्यांनी ती वाचली. मग सदरा वर करून, पोटावर बोट फिरवत, ते टोचल्याची जागा शोधू लागले.