उन्हाळी नव्हती, प्रोस्टेट होतं

मंडळी, आज मित्रानेच केसाने गळा कापला.

लघवी अडते म्हणून डॉक्टरांकडे गेलो, तर तिथे माझा बागेतला रोजचा सोबती वामन बसलेला. त्याचं प्रोस्टेटचं ऑपरेशन मागेच झालंय म्हणे.

डॉक्टरांनी समजावलं, ही मूत्राशयाखालची अक्रोडाएवढी ग्रंथी वीर्यातला द्रव बनवते. लघवीची नळी तिच्यामधूनच जाते, म्हणून वयाने ती फुगली की नळी दाबली जाते.

बाहेर आल्यावर वामनला विचारलं, "मले उन्हाळी लागली म्हणून धण्याचं पाणी पाजून राहिला होता तू. काहून गा?"

"लाज वाटली गा. तू साऱ्या बागेले सांगितलं असतं."

शुगर, गुडघे, सुनांची गाऱ्हाणी, सगळं आम्ही एकाच बाकावर बोलतो. हे मात्र त्याने लपवलं आणि मला सोसू दिलं.

उद्या त्याच्याशेजारी बसू का? तुम्ही बसला असता?