चिकाच्या शुक्रवारी वाचलेलं पुस्तक

माझी धाकटी सून इथल्या एका वर्तमानपत्रात दर आठवड्याला एक पान लिहिते. या दिवसांत काय रांधावं आणि सोबत काय वाचावं, असं ते पान असतं. मागच्या महिन्यात ती म्हणाली, "मामा, लातूरच्या शुक्रवारांबद्दल या वेळी तुम्हीच लिहा. घरात सगळे सांगतात, पण तुमच्या हातचं कुठंच नाही."

घरात सगळे सांगतात, हे खरं आहे. सांगून सांगून ते फार गोड झालं आहे. मी बायकांना वाचनाची गोडी लावली, असं त्यात असतं. आणि शेवटी एक वाक्य हमखास येतं, की माझ्या मावशीची पुतणी ते पुस्तक ऐकून आपल्या मर्जीनं नांदायला गेली. एवढी वर्षं हे वाक्य आलं की मी काहीतरी काम काढून तिथून उठायचो. आता उठबस जमत नाही, त्यामुळे बसून ऐकावं लागतं. त्यापेक्षा लिहिलेलं बरं.

निजामी संपायला अजून बरीच वर्षं होती तेव्हाची गोष्ट. मी नांदेडचा, नोकरी लातूरच्या शाळेत. शिकवणं सगळं उर्दूतून. राहायला मावशीकडे होतो. मावशीला मूलबाळ नव्हतं. काका गेलेले. घरात दुसरं माणूस म्हणजे काकांच्या भावाची मुलगी. तिचे आईवडील लहानपणीच गेले, मावशीनंच तिला वाढवलं आणि जळकोटला दिलं. लग्नानंतर तीन-चार वर्षांत नवऱ्यानं दुसरी केली आणि हिला माघारी आणून सोडलं. मला ती दादा म्हणायची, वयानं माझ्याएवढीच असली तरी.

निजामाच्या राज्यात सुट्टी शुक्रवारची. चार पुरुष एकत्र बसून मराठी वर्तमानपत्र वाचू लागले तर कुणीतरी चौकशीला यायचं. पण अंगणात बायका शेवया वळत बसल्या आणि एक मास्तर त्यांच्यात बसून काही वाचतोय, याची चौकशी कोण करणार? बार्शी आमच्या राज्याच्या बाहेर. तिथून छोट्या रेल्वेनं माझा एक मित्र वर्तमानपत्रं, मासिकं आणि एखादं पुस्तक आणायचा. नाक्यावर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, शिपाई पुस्तकं उलटी धरून झटकायचा, त्यात बऱ्याच पुस्तकांचे पुठ्ठे निघून गेले.

शुक्रवारी दुपारी गल्लीतल्या सहा-सात बायका यायच्या. आधी आठवड्याच्या बातम्या, मग मासिकातलं एखादं काही, आणि शेवटी पुस्तकाचं एक प्रकरण. त्याबदल्यात त्या ऋतूत जे असेल ते माझ्या ताटलीत पडायचं. माझं ताट आधी आणि वाचन नंतर, हा नियम मावशीचा. "पोट भरलेला माणूस अडखळत न्हाई," ती म्हणायची.

सुनेला पदार्थ हवेत, म्हणून ते सांगतो. येळवसेला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला, सगळं लातूर शेतात जायचं. त्या दिवशी वाचन कुठलं? पण भज्जी उरायची, आणि ती दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते. हरभऱ्याचे, तुरीचे, वालाचे ओले दाणे, मेथी, चाकवत, आंबट चुका, गाजर, चिंच, शेंगदाणे, आणि सगळं धरून ठेवायला बेसन. ताकात ज्वारीचं पीठ आंबवून केलेली आंबिल, तिच्यात ठेचलेला लसूण. सोबत बाजरीचे उंडे. त्या वर्षी येळवस गुरुवारी आली होती आणि शुक्रवारी मी एक प्रवासवर्णन वाचत होतो. त्यात लेखक बोटीवर उलट्या करतो ते ऐकून समोरची म्हातारी म्हणाली, "आंबिल पी म्हणावं त्याला, पोटातलं बसतंय का बघ." मग हुरड्याचे शुक्रवार आले. शेणाच्या गोवऱ्यांवर भाजलेली कणसं, हातावर चोळून फुंकलेला हुरडा, जवसाची चटणी. हुरडा खाताना हाताला राख लागते, पानं उलटता येत नाहीत. म्हणून मावशीची पुतणी शेजारी बसून पानं उलटायची. तिला वाचता येत नव्हतं. माझा आवाज थांबला की ती पान उलटायची.

संक्रांतीच्या सुमाराला ती कादंबरी आली. पुठ्ठा नव्हता, पहिली काही पानंही नव्हती, त्यामुळे नाव आणि लेखक मला कधीच कळले नाहीत. नवऱ्यानं टाकलेली एक बाई दूरच्या शहरात जाऊन दवाखान्यात काम शिकते, अशी ती गोष्ट होती. बायकांनी आधी नाकं मुरडली. मग मात्र आठवडा त्या पुस्तकावर मोजला जाऊ लागला. आडावर, दळणाला, सगळीकडे त्या बाईची चर्चा. "तिनं लुगडी किती नेली गं संगं?" असंही कुणीतरी विचारायचं, जणू ती शेजारच्याच घरातून गेली होती.

एके दिवशी मावशीची पुतणी मला म्हणाली, "दादा, असं खरंच असतं का? बाई दवाखान्यात राहू शकती?"

मी म्हणालो, "नांदेडला जनाना दवाखाना आहे. सुइणीचं काम शिकवतात. विचारून बघतो."

विचारलं. नांदेडला गेलो तेव्हा तिथल्या मोठ्या बाईंनी सांगितलं की घेऊन या, राहायची सोय होईल. मी येऊन तिला तसं सांगितलं. त्या दिवसापासून ती मला अक्षरं विचारू लागली. जाहिरातीतलं मोठं अक्षर बोटानं दाखवून "हे कोणतं?" म्हणायची.

चैत्र लागला आणि जळकोटहून निरोप आला. दुसऱ्या बायकोची तब्येत ठीक नाही, लहान मुलं आहेत, हिला नांदायला पाठवा, आम्ही घ्यायला येतो. मावशीनं निरोप आणणाऱ्याला जेवू घातलं आणि "मुलीला विचारून कळवते" म्हणाली. विचारते म्हणाली, याला मान द्यावा लागेल. त्या काळी विचारत कोण होतं?

पुतणी एवढंच म्हणाली, "पुस्तक संपू दे काकी."

त्या पुस्तकातल्या बाईलाही तिचा नवरा न्यायला आला होता. मागचं प्रकरण तिथंच थांबलं होतं. तो दवाखान्याच्या व्हरांड्यात उभा, आणि ती हात धूत होती.

कुरडयांचे दिवस होते. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, गाळून चीक काढायचा. मंगळवारी गहू भिजत घातले की शुक्रवारी चीक हाती येतो, म्हणून आमच्या गल्लीत कुरडया शुक्रवारीच व्हायच्या. माझ्या वाचनासाठी बायकांनी तसा दिवस धरला होता.

गुरुवारी संध्याकाळी मावशी वाटलेला गहू गाळून चीक रात्रभर निवळायला ठेवत होती. मी पायरीवर बसून शेवटचं प्रकरण डोळ्यांखालून घालत होतो.

"काय होतं रे शेवटी?" तिनं विचारलं.

"परत जात नाही ती. त्याला चहा पाजते आणि कामाला आत निघून जाते."

मावशीनं हात पुसले. "हे उद्या वाचू नकोस."

"मग काय वाचू?"

"जाती म्हण. सुखानं नांदती म्हण. तुला काय, दोन ओळी तर हायेत." चिकाच्या पातेल्यावर झाकण ठेवत ती म्हणाली, "मी किती दिवसाची? माझ्यामागं तिला कोण? तू? तुझं लग्न अहमदपूरला जमत आलंय. टाकलेल्या बाईला तू नांदेडला नेऊन सोडलीस हे त्यांच्या कानावर गेलं तर ते काय म्हणतील, याचा विचार कर."

मी विचार केला. तिच्या मनात काळजी होती, माझ्या मनात अहमदपूर होतं. मावशीनं धमकावलं असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. तिनं धमकावलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी उन्हं चढायच्या आत चुलीवर मोठं पातेलं होतं. चीक शिजताना हलवणारा हात क्षणभरही थांबून चालत नाही, लगेच गुठळ्या होतात. तो दांडा मावशीच्या पुतणीच्या हातात होता. बाकीच्या खाटेवर धोतर अंथरून सोऱ्या घेऊन तयार होत्या. मला वाटीभर चीक दूध-गूळ घालून दिला. तो मी खाल्ला.

मग वाचायला लागलो; कुरडयांच्या दिवशी वाचनही सकाळीच व्हायचं. व्हरांड्यातलं त्यांचं बोलणं पुस्तकातलं वाचलं. पुढं पुस्तक हातात तसंच धरून मनानं सांगू लागलो. नवरा रडला, बाईला दया आली, ती त्याच्याबरोबर निघाली. मी पानंही उलटत होतो. ती घरी गेली, सवतीनं तिला बहिणीसारखी मानली, पोरं तिला आई म्हणू लागली. बोलता बोलता मला ते सोपं जाऊ लागलं. एक बाई डोळे पुसू लागली तेव्हा मी सवतीच्या तोंडी आणखी दोन वाक्यं घातली.

"लिहिलंय तसं?" पुतणीनं चुलीजवळून विचारलं.

"म्हणजे?"

"असंच लिहिलंय का, दादा? घरी गेली?"

"हो," मी म्हणालो.

तिचा हात थांबला होता. समोरच्या म्हातारीच्या ते सगळ्यांत आधी लक्षात आलं. "अगं हलव, हलव. गुठळ्या झाल्या बघ सगळ्या. ध्यान कुठंय तुझं, जळकोटला का?" बायका हसल्या. तीही हसली आणि जोरजोरात दांडा फिरवू लागली. पण तो चीक बिघडला तो बिघडलाच. सोऱ्यातून धड पडेना, कुरडया तुटक झाल्या. मावशी एरवी बडबडली असती, त्या दिवशी तिनं त्या तशाच उन्हात सरकवल्या.

संध्याकाळी पुतणी मावशीला म्हणाली, "कळवा त्यांना. या म्हणावं."

गाडी आली आणि ती गेली. जाताना तुटक्या कुरडयांचं गाठोडं सोबत घेतलं, पोरांना तळून द्यायला. पुस्तक मी मित्राला परत केलं. नांदेडच्या बाईंना मी काही कळवलं नाही. माझं अहमदपूरचं लग्न ठरल्याप्रमाणे झालं.

काही वर्षांनी, राज्य अजून निजामाचंच होतं, माझ्या मेहुणीच्या लग्नाला मी अहमदपूरला गेलो. स्वयंपाकाला जळकोटकडच्या काही बायका बोलावल्या होत्या. मागच्या परसात कढईसमोर ती बसली होती. मी आधी ओळखलं नाही. हातावर भाजल्याचे जुने डाग होते. ते कढईचे असतील, नसतील. मी विचारलं नाही.

"दादा, जेवलात का?" तिनं विचारलं.

"जेवतो. तू कशी आहेस?"

"हाय." झाऱ्यानं तळण उलटत ती म्हणाली, "सवत हाय अजून. तिची पोरं मोठी झाली. मला 'ए' म्हणत्यात."

मी उभा राहिलो. सांगायची हीच वेळ आहे हे मला स्वच्छ कळत होतं.

"मला वाटायचं," ती म्हणाली, "माझ्यातच काहीतरी कमी हाय. त्या पुस्तकातल्या बाईचं कसं सगळं नीट झालं. तीबी माझ्यावानीच टाकलेली होती की. मग मी म्हणलं, तिच्यात तसा गुण असंल, माझ्यात न्हाई." झारा कढईच्या कडेवर टेकवून तिनं माझ्याकडे पाहिलं. "नीटच झालं होतं ना तिचं? मला शेवट नीट आठवत न्हाई."

आत वाजंत्री सुरू झाली होती. माझी बायको दारातून मला हाका मारत होती.

"हो," मी म्हणालो. "नीट झालं."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि माझ्यासाठी ताटलीत गरम कुरडई काढली.