ग्लाइड, धुकं आणि दाजींचा आक्षेप

१. शनिवारी ताई आणि दाजी आमच्याकडे भिवंडीजवळ पूर्ण्याला राहायला आले.
२. दोघांत एका जुन्या रेसिंग गेमवरून पैज लागली.
३. दाजी जिंकले.
४. मी गेममध्ये एक दुरुस्ती केली.
५. ताई जिंकली.
६. निकाल वादात आहे.

आता सविस्तर...

ताईचं म्हणणं असं की लग्नाआधी निजामपुऱ्यातल्या गेम पार्लरमध्ये घाटाच्या ट्रॅकवर तिला कोणी हरवू शकत नसे. हे खरं आहे, मी तिथे असायचे. पण सासरी तिने हे सांगितलं की सगळे हसतात.

जेवताना दाजींनी जाहीर केलं, "उद्या त्या घाटावर माझ्याकडून हरलीस तर हा किस्सा कायमचा बंद." ताई "चालेल" म्हणाली आणि ताट सोडून उठायला लागली... आई ओरडली, "आधी जेवून घ्या, मंग काय ती गाडी चालवा!"

पार्लरवाले अन्वरचाचा आता त्याच जागेत मोबाइल विकतात. गेमची सीडी त्यांच्याकडे निघाली. "और कार्ड? वो तो कब का भंगार में गया, बेटा. सीडी ले जा, वापस मत लाना."

अडचण कार्डाचीच होती. हा गेम फक्त ग्लाइडवर चालतो. ग्लाइड म्हणजे व्हूडू या जुन्या ग्राफिक्स कार्डाशी बोलायची गेमची भाषा... छोटी, नेमकी. कार्डाला जे जमतं तेवढंच तिच्यात, म्हणून वेगवान. पार्लरमध्ये ते कार्ड आलं तेव्हा गेममधल्या रस्त्यावरच्या डबक्यांतली चमक बघायला आम्ही रांग लावली होती. शेजारच्या कापड कारखान्यातल्या लूमच्या खडखडाटात गेमचा आवाज ऐकू यायचा नाही, तरी कुणाची तक्रार नसायची.

पण ती एकाच कंपनीच्या कार्डांची भाषा होती. डायरेक्टथ्रीडी आणि ओपनजीएल या भाषा कुठल्याही कार्डावर चालायला लागल्या, तसे गेमवाले तिकडे वळले. पुढे कंपनी बंद पडली, ग्लाइडही संपलं. यात अन्याय वगैरे काही नाही... पण काय देखणं काम होतं!

यावर एक उपाय असतो, रॅपर. म्हणजे मधला दुभाष्या. गेम ग्लाइडमध्ये बोलतो, रॅपर तेच ओपनजीएलमध्ये सांगतो. नेटवर एक सोर्सकोडसकट मिळाला. तो कम्पाइल केला, आणि रविवारी दुपारी लाइट गेलेली असताना, बॅटरीवर, माझ्या लॅपटॉपवर घाट उभा राहिला... ताईने टाळ्या वाजवल्या.

एकेकाने गाडी चालवायची, ज्याला कमी वेळ लागेल तो जिंकला. दाजी आरामात जिंकले. "मॅडम, किस्सा बंद!"

ताई स्क्रीनकडेच बघत होती. "हा तो घाट न्हाय," ती म्हणाली. "एवढं लांबचं कधी दिसायचंच न्हाय."

मला आधी ती सबब वाटली. पण ताई सबबी सांगत नाही, म्हणून कोड उघडला... आणि सापडलं. गेम कार्डाला धुक्याचं एक कोष्टक देतो, किती अंतरावर धुकं किती दाट हवं त्याचं. रॅपर ते कोष्टक घेत होता आणि वापरतच नव्हता. घाटातलं सगळं धुकं गायब! पुढची वळणं दाजींना आधीच दिसत होती.

मी हे सांगितल्यावरही दाजी खुशीतच होते. "मेहुणीबाई, धुकं टाका, गारा टाका, काय हवं ते टाका."

सोमवारी संध्याकाळी धुकं परत आलं. दाजी पहिल्याच मोठ्या वळणावर दरीत. "अरे, दिसतंय कुठे काही?"

"दिसायला कशाला पाहिजे?" ताई म्हणाली. "शेजारचा कठडा बघा. तो संपला की वळायचं." आणि ब्रेक न लावता ती अख्खा घाट उतरली... आम्ही दोघी किंचाळलो. मी सहसा किंचाळत नाही. आई बघायला आली आणि म्हणाली, "गाडी बरी चालवते की गो ही!"

दाजींनी हार मानली नाही. "रॅपर कोणी कम्पाइल केला? मेहुणीबाईंनी. धुकं कोणी टाकलं? मेहुणीबाईंनी. पंच माहेरचा! खऱ्या कार्डावर जिंकून दाखव, मग तुझा किस्सा मी स्वतः सगळ्यांना सांगेन."

ताई म्हणते हा रडीचा डाव आहे. पण आक्षेप तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. माझं धुकं मूळ धुक्याइतकंच दाट आहे, हे मूळ कार्डाशिवाय मला सिद्ध करता येणार नाही. आणि किस्सा दाजींच्या तोंडून सासरी पोचणार असेल, तर ताईला ती संधी मिळायला हवी.

म्हणून विनंती... भिवंडी, कल्याण किंवा ठाण्यात कुणाकडे चालू स्थितीतलं व्हूडू कार्ड असेल तर एका दुपारपुरतं हवं आहे. ते बसेल असा जुना पीसी माझ्याकडे आहे. मी स्वतः येऊन नेईन आणि दुसऱ्या दिवशी परत आणून देईन. ताई येत्या रविवारी सासरी जाणार आहे, तेव्हा कृपया शुक्रवारपर्यंत इथेच कमेंटमध्ये कळवा.